वरच्या मजल्यावरचा वजीर

शिंपीकाका एकटे पडले, तेव्हा लेकीने त्यांच्या मोबाइलवर बुद्धिबळ घालून दिलं. "फोनमधून कुठे माणूस भेटतो का?" म्हणून काका करवादले, पण आठवड्याभरात 'खडूस' नावाच्या कुणा अनोळखी गड्याशी त्यांची रोज जुंपायला लागली.

त्यात वरच्या मजल्यावरचा शेजारी जमिनीवर काठी आपटून डोकं उठवायचा. त्याचं तोंडही न बघता काकांनी त्याच्याशी उभा दावा मांडला होता.

आज काकांनी खडूसचा घोडा मारला. वर धाडकन काठी आपटली. काका चमकले. त्यांनी हत्ती मारला. पुन्हा धाड! मग मिशीत हसत त्यांनी वजीरच उचलला, आणि छताचा पोपडा थेट त्यांच्या चहात पडला.

शिवणयंत्राखालचा धुळकट लाकडी पट काखोटीला मारून काका तरातरा जिना चढले. काठीवाल्या म्हाताऱ्याने दार उघडलं. दुसऱ्या हातात फोन होता.

"वजीर गेला म्हणून माझं घर पाडता काय हो?" काका गरजले.

म्हाताऱ्याने फोनकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं आणि दार सताड उघडलं.

"या. काठी ठेवतो बाजूला. पण पांढरी मोहरी माझी!"