गानं कोनी गायलं

प्रिस्काने मोबाइल तांदळाच्या डब्याला टेकवून उभा केला, रेकॉर्डिंगचं लाल बटण दाबलं आणि ओट्यापासून दोन पावलं मागे जाऊन गायला सुरुवात केली.

"दोरी गेली, राट गेला, पानी आहे गो,
मोटर लावा, हंडा भरा, लेक चालली गो."

दुसऱ्या कडव्याला कुकरने शिट्टी दिली. तिने गॅस बंद करून परत पहिल्यापासून घेतलं. गाणं तिचं स्वतःचं होतं, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी केलेलं पहिलंच. ती शिकवायची त्या बालवाडीच्या जुन्या हजेरीपटाचे पाठकोरे कागद तिने सांभाळून ठेवले होते. त्यांवर दीड महिना खोडाखोड चालली होती.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी वाडीतल्या बायका बँड लावून विहिरीवर पाणी आणायला जातात. तिथे गाणं म्हणायचं काम तीस वर्षं शेजारच्या रोझलिनचं होतं, आणि तिच्या मागे उभं राहायचं प्रिस्काचं. गाणं संपलं की पुढची बाई विचारणार, गानं कोनी गायलं? मागचीने जिचं गाणं तिचं नाव घेऊन उत्तर द्यायचं. स्वतःचं नाव स्वतः घ्यायचं नाही, आणि उत्तर आल्याशिवाय हंडा उचलायचा नाही, अशी रीत. तीस वर्षांत रोझलिनचं नाव वाडीतल्या विहिरींनाही पाठ झालं असेल.

गेल्या पावसाळ्यात रोझलिन वारली. कुंपणापलीकडून "गो प्रिस्का" अशी हाक मारणारी ती एकटीच होती. बाकी सगळ्या वाडीसाठी ती फक्त "टीचर". भाऊ मस्कतला, त्याच्या तोंडी नुसतं "बाय", म्हणजे ताई. हाक बंद झाल्यावर घर किती मोठं आहे ते प्रिस्काला कळलं. बहुधा त्यातूनच हे गाण्याचं वेड शिरलं.

सराव करताना शेवटचा प्रश्न ती विचारायची आणि उत्तराच्या जागी गप्प राहायची. रेकॉर्डिंगमध्ये तेवढ्या जागेत नुसता पंखा ऐकू यायचा. ते तिला सहन होईना, म्हणून ती येत्या लग्नातल्या नवरीच्या आईकडे, रिटाकडे गेली.

"रिटा, शेवटी माझ्या मागं उभी राहशील?"

"राहीन की, टीचर. नावच घ्यायचं ना फक्त?"

"हो. फक्त नाव."

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी विहिरीवर पाय ठेवायला जागा नव्हती. प्रिस्काने कपाटातलं लाल लुगडं काढलं होतं. बँड थांबला आणि पहिल्या ओळीला तिचा आवाज असा कापला की तिला घरी पळून जावंसं वाटलं. पण मोटरीच्या ओळीला म्हाताऱ्या हसल्या, दुसऱ्या कडव्याला चारदोन जणींनी "गो" धरला, आणि तिसऱ्याला तर अख्खी विहीर गात होती. आपण इतकी वर्षं मागे का राहिलो, असं तिच्या मनात आलं. ती फार आनंदात होती.

"गानं कोनी गायलं गो, गानं कोनी गायलं?"

मागून उत्तर आलं नाही. तिने अर्धवट वळून पाहिलं. फोटोवाल्याने रिटाला पार केळीपाशी नेलं होतं आणि तिथे तिचा पदर सारखा करणं चाललं होतं. प्रिस्काने परत विचारलं. बँडवाल्याने ट्रम्पेट ओठांपर्यंत नेऊन खाली घेतलं. नवरी ब्रिटनी हंड्याला हात लावून थांबली होती. सगळ्या बायका प्रिस्काकडे बघत होत्या, आणि तिचं तोंड तीस वर्षांच्या सवयीने आपलं आपण उघडलं.

"रोझलिननं गायलं गो, रोझलिननं गायलं."

बँड सुरू झाला. हंडा उचलला गेला. दोघी-तिघींनी डोळे पुसले.

घोळक्यातून रोझलिनचा नवरा फर्डिनंड पुढे आला आणि त्याने प्रिस्काचा हात धरला.

"कवा केलं तिनं हे? मला नाय म्हटलं कधी."

प्रिस्काने त्याच्याकडे पाहिलं. त्याने अजून हात सोडला नव्हता.

"शेवटी शेवटी," ती म्हणाली.

रिटा धावत आली. "सॉरी हां टीचर, त्या फोटोवाल्यानं अडकवलं. पण रोझलिनबायची आठवण काढलीत, किती छान केलंत."

"हो," प्रिस्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी व्हिडिओ सगळ्यांच्या मोबाइलवर होता: रोझलिनबायचं शेवटचं गाणं. त्यानंतर रोज सकाळी कुंपणापलीकडून प्रिस्काला आपलाच आवाज ऐकू येऊ लागला. फर्डिनंड चहा पिताना तो व्हिडिओ लावायचा, नावापर्यंत ऐकायचा आणि बंद करायचा.

तीन आठवड्यांनी ज्युलिएट आली. वाडीत लग्न होऊन आलेली ही सर्वांत नवी सून.

"टीचर, माझ्या भावाचं लग्न आहे, जूचंद्रला. ते रोझलिनबायचं गाणं म्हणाल? तिकडे विहीर नाही, बिल्डिंगच्या टाकीवरच करणार आहोत."

"म्हणेन. पण माझ्या मागं तू उभं राहायचं. आणि फोटोवाला बोलवू दे की पाद्री, जागचं हलायचं नाही."

"त्यात काय, मला पाठ आहे."

प्रिस्काने शेवटची ओळ म्हटली. ज्युलिएटने लगेच झेलली, गोड आवाजात: "रोझलिननं गायलं गो."

प्रिस्का खिडकीशी गेली. पलीकडे फर्डिनंडची खुर्ची रिकामी होती. तिने तरीही आवाज खाली आणला.

"इथं वाडीत तेच राहू दे. जूचंद्रला मात्र प्रिस्का म्हण. प्रिस्कानं गायलं."

ज्युलिएटने मोबाइलवरून मान वर केली.

"प्रिस्का कोण, टीचर?"

प्रिस्काने तांदळाच्या डब्याखालून गाण्याचा कागद ओढला, उलटा करून ज्युलिएटपुढे ठेवला. मुलांच्या नावांच्या वर, शिक्षिकेचं नाव लिहितात त्या ओळीवर, तिने बोट टेकवलं.