तीन बोटं

भूल देणाऱ्या बाईला कोणी लक्षात ठेवत नाही. पेढे सर्जनला, नमस्कार सर्जनला, मला विचारतात, "मॅडम, तुम्हीपण डॉक्टरच ना?" बावीस वर्षं पांढुर्ण्याहून सौंसरच्या दवाखान्यात येऊन-जाऊन हेच ऐकते आहे, त्यामुळे माझं डोकं लवकर फिरतं. त्या दिवशी ते सकाळीच फिरलेलं होतं आणि चूक तिथेच झाली.

उर्वशी, वय छत्तीस, शाळेत शिक्षिका. अंडाशयावर गाठ होती. पोटाला तीन लहान भोकं पाडून दुर्बिणीने ती काढायची होती. भोकं लहान, म्हणून लोकांना वाटतं ऑपरेशनही लहान. पण त्यात पोट गॅसने फुगवतात, टेबल डोक्याकडून खाली झुकवतात. पेशंटच्या श्वासाचा भरवसा राहत नाही, म्हणून श्वासनळीत ट्यूब घालावी लागते, आणि त्यासाठी तोंड नीट उघडावं लागतं. आपली तीन बोटं उभी धरून आपल्याच तोंडात मावली पाहिजेत, एवढी साधी परीक्षा.

उर्वशीची दोनच मावली, तीही ओढूनताणून.

"खर्रा खाता का?" मी विचारलं. माझा आवाज मुळातच मोठा. वॉर्डातल्या चारही खाटांवरच्या माना वळल्या. नवरा अमित तिथेच उभा होता, शेजारी सासू यमुनाबाई.

"सुपारी-तंबाखू? आमच्या घरात?" यमुनाबाई तोंडावर पदर धरून कडाडल्या. "मास्तरीण आहे ते! दाढ दुखून राहिली तिची."

उर्वशीने होकाराची मान हलवली. मी कागदावर 'दाढदुखी' लिहिलं. मनाला पटत नव्हतं, तरी लिहिलं.

अकरा वाजता ती टेबलावर होती. बोटाला नाडी मोजणारा चिमटा, तोंडावर ऑक्सिजनचा मास्क. सर्जन ऋषिकेश माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. हात धुऊन, गाउन घालून तयार. "मॅडम, घ्या ना. मागे अजून दोन केस आहेत."

सिरिंज माझ्या हातात होती. आधी झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं. दुसरं औषध गेलं की पेशंटचा श्वास थांबतो, पुढचा प्रत्येक श्वास मी द्यायचा. दाढेमुळे जबडा आवळलेला असेल, तर औषधाने सैल होतो. पण खर्र्याने गाल आतून आखडले असतील, तर कुठल्याच औषधाने तोंड उघडत नाही. ट्यूब गेली नाही आणि मास्कनेही हवा शिरली नाही, तर हातात चार-पाच मिनिटं असतात. माझा अंगठा सिरिंजवर होता. मी घाबरले होते, सरळ सांगते.

मी सिरिंज खाली ठेवली. मास्क बाजूला करून उर्वशीच्या गालाच्या आतून बोट फिरवलं. गाल वाळलेल्या संत्र्याच्या सालीसारखा कडक लागला.

"उर्वशी, खरं सांग."

"दाढच आहे, मॅडम." डोळे गच्च मिटलेले. "द्या तुम्ही भूल."

"देऊन टाका," ऋषिकेश म्हणाला. "ट्यूब नाही गेली तर गळ्याला भोक पाडू."

"शेवटचं कधी पाडलं होतंस?"



नुसतं नाही म्हणणं सोपं होतं. पण मग ही बाई परवा दुसऱ्या दवाखान्यात, दुसऱ्याच कुणाच्या सिरिंजखाली हेच खोटं घेऊन झोपली असती. मरायला तयार होती, बोलायला नाही. आणि मी तिला विचारलं होतं कुठे? भर वॉर्डात, नवऱ्यासमोर. माझीच मला लाज वाटली.

मी बाहेर आले. अमितला कसल्यातरी सहीसाठी काउंटरवर पिटाळलं आणि वॉर्डाच्या दारातल्या बाकावर यमुनाबाईंच्या शेजारी बसले.

"मावशी," मी जमेल तितकं हळू म्हटलं, "तिचा गाल आखडलाय. मी झोपवलं आणि श्वास देता आला नाही, तर ती उठणार नाही. तरी सांगत नाही. कुणाला वाचवतेय ती?"

यमुनाबाईंनी ऑपरेशनच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग त्यांनी पदर खाली घेतला आणि स्वतःची बोटं तोंडाशी नेली. दीडच बोट आत गेलं.

"मले," त्या म्हणाल्या. "मले वाचवून राहिली. लग्न झालं तवापासून मीच घोटून देतो तिले खर्रा. दुपारी माणसं बाहेर गेली की दोघी बसतो. मनातलं बोलाले तेवढाच वखत भेटते, बाई."

अमित परत आला. "काय झालं, आई?"

यमुनाबाई उठल्या. वाटलं, पुन्हा दाढेचंच निमित्त निघणार.

"तुह्या बायकोले खर्रा म्या लावला," त्या मोठ्याने म्हणाल्या. वॉर्डातल्या माना पुन्हा वळल्या. "मीबी खातो, बारा वर्षं झाले. आता तिले भूल देऊ नका. काय करा लागते ते सांगा, मॅडम."

नागपूरला न्यावं लागणार होतं. तिथे पेशंट जागी असतानाच नाकातून बारीक दुर्बिणीवरून ट्यूब घालतात. मी कागदावरची 'दाढदुखी' खोडली, खरं कारण ठळक लिहिलं आणि आत गेले.

"सासूबाईंनी सांगितलं," मी उर्वशीच्या कानाशी म्हटलं.

तिने डोळे उघडले. "यांच्यासमोर?"

"सगळ्या वॉर्डासमोर."

"रडल्या का आई?"

"नाही. तोंड उघडून दाखवलं."

मग दोन बोटांएवढ्या उघडणाऱ्या त्या तोंडाने ती ढसाढसा रडली. मी तिच्या हातातली सुई काढायची घाई केली नाही, ऋषिकेशला काही बोलू दिलं नाही, आणि तिचा हात धरून तिथेच उभी राहिले.