टोप्या उडालेली नावं

गावच्या अग्निशमन पथकाला शंभर वर्षं होणार म्हणून सगळ्यांना नवी जाकिटं शिवायची ठरली, पाठीवर ज्याचं त्याचं नाव. नावं गोळा करायचं काम लोवोर्का मातासच्या गळ्यात पडलं, कारण ती झाग्रेबहून संगणक शिकून आली होती.

फोनवर आलेली नावं काय अवतारात होती! कुणी पुढे तीन उद्गारचिन्हं ठोकलेली, कुणी कमरेचं माप घातलेलं. पथकप्रमुख शिमे झुल्यिचनं तर मधेच माशाचं चित्र टाकलेलं. एकेक निवडत कोण बसणार? लोवोर्कानं रेग्युलर एक्स्प्रेशनची एका ओळीची चाळणी लिहिली: ए ते झेड आणि मोकळी जागा ठेव, बाकी सगळं फेक. स्वतःच्या नावावर चालवून पाहिली. नाव जसंच्या तसं बाहेर आलं. खूश होऊन तिनं यादी इटलीतल्या कारखान्याला आणि गावच्या पाद्रीबुवांना पाठवली, आणि पोहायला गेली.

क्रोएशियन भाषा रोमन लिपीत लिहितात, पण च, श, झ यांच्या अक्षरांच्या डोक्यावर टोपीसारखी खूण असते, आणि टोपीवाली अक्षरं ए ते झेडमध्ये बसत नाहीत. तिच्या नावात तसलं एकही नव्हतं.

सोहळ्याच्या सकाळी खोकी चर्चच्या दारातच फोडली गेली आणि जाकिटं मापं बघून घाईनं अंगावर चढली. पाद्रीबुवा गावात नवे. आशीर्वादासाठी त्यांनी यादी वाचायला घेतली.

"इरो आई!"

कुणी हलेना. ट्रक चालवणाऱ्या दाढीवाल्या चिरो चाचिचनं जाकीट काढून पाठ पाहिली. "आई मीच दिसतोय, बुवा."

"इमे उल्यी!"

त्यांच्या भाषेत इमे म्हणजे नाव. "कुणाचं नाव?" मागून कुणीतरी ओरडलं.

"माझं!" शिमे गरजला. "साठ वर्षं सांभाळलं होतं! कुठल्या गाढवानं खाल्लं?"

लोवोर्कानं हात वर केला. "मी, काका. चाळणी जरा बारीक झाली."

"जरा? आता बायको विचारेल, मी नांदतेय कुणाकडे!"

"पुढे वाचू का?" पाद्रीबुवांनी चाचरत विचारलं.

"वाचा हो," शिमेनं हात झटकला. "देव घेईल समजून."

सगळं चर्च खिदळत होतं. लोवोर्काचे कान तापले होते, तरी हसू तिलाही आवरेना.

दुपारी तिनं चाळणी बदलली: कुठल्याही भाषेचं अक्षर असो, ठेव. या वेळी आधी शिमे आणि चिरोच्या नावांवर चालवली. महिन्याभरात धड नावांची जाकिटं आली. चिरोनं मात्र जुनं परत केलं नाही. इतक्या कमी अक्षरांत पाठ भरदार दिसते म्हणे.

आणि लोवोर्का शिक्षा म्हणून उन्हाळाभर आगीचा बंब धूत राहिली. शिमे सावलीत खुर्ची टाकून बसायचा. "चाकं राहिली, पोरी."