सूत्रकृमी मेले नव्हते

मित्रांनो, मी शहापूरच्या एका महाविद्यालयातला जुना सूक्ष्मदर्शक आहे, आणि मी रागावलेलो आहे. का, ते ऐका.

अंबाल्याच्या कारखान्यात मी तयार झालो. इथे वीस वर्षे मुलांना कांद्याची साल दाखवली. मुले कौतुक करत. मग नवी यंत्रे आली आणि मला खिडकीत धूळ खात ठेवले. तिथून मला शेणवे गावच्या अक्षदा नावाच्या विद्यार्थिनीने उचलले.

तिच्या बाईजाआत्याची भेंडी दोन वर्षे खुरटत होती. रोप उपटले की मुळांवर गाठीच गाठी. हे काम सूत्रकृमींचे. दोऱ्याच्या तुकड्यासारखे हे जीव नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत. अक्षदाने माझ्या नळीवर कॅमेरा बसवला, तो संगणकाला जोडला आणि स्वतः एक प्रोग्राम लिहिला. प्रत्येक चित्रात तो कृमीच्या डोक्यापासून शेपटीपर्यंत मधोमध रेघ ओढायचा आणि अंग कुठे किती वाकले ते मोजायचा. जिवंत कृमीच्या अंगातून वळणे लाटेसारखी सरकतात. माणसाच्या नजरेतून निसटणारी हालचालही त्या आकड्यांत सापडायची. एवढे बारीक काम मला कधी कुणी दिले नव्हते.

त्याच सुमारास एका कंपनीने आपले कृमिनाशक विभागप्रमुख सरांकडे तपासायला दिले. ते गावात आधीच फुकट वाटून झाले होते. बाईजाआत्याने ते उघड्या हातांनी शेतात टाकले आणि चार दिवस ती ओकत होती.

सरांनी ती तपासणी अक्षदाला प्रकल्प म्हणून दिली. तिने त्या औषधात कृमी सोडले. चोवीस तासांत सगळे काडीसारखे ताठ. सरांनी एकदाच डोळा लावला आणि सगळे मेले असे लिहायला सांगितले. अक्षदाने मात्र कृमी साध्या पाण्यात धुतले आणि चित्रण चालू ठेवले. दुसऱ्या दिवशी संगणकावरच्या सरळ रेघा शेपटीकडे किंचित वाकल्या. तिसऱ्या दिवशी शंभरातले बहात्तर कृमी वळवळत होते.

सरांनी पहिल्या दिवसानंतरचे सगळे अहवालातून काढून टाकले. मी जे पाहिले, ते घडलेच नाही म्हणे. अक्षदा म्हणाली, "सर, ते मेले नाहीत. मी सही करणार नाही." तिचा प्रकल्प नापास झाला.

पुढे किन्हवलीला शेतकऱ्यांच्या सभेत कंपनीच्या माणसाने तो अहवाल वाचला. अक्षदा उठली आणि तिने पडद्यावर तीनही दिवसांचे चित्रण दाखवले. सर मान खाली घालून बसले. बाईजाआत्या पडद्याजवळ गेली. "मी इख हातानं टाकलं," ती म्हणाली, "नि हे निस्ते निजले व्हते. मरले नाय."

त्या दिवशी एकानेही औषध घेतले नाही. आत्याने त्या वावरात झेंडू लावला, कारण झेंडूच्या मुळांमुळे सूत्रकृमी कमी होतात. यंदा भेंडीच्या मुळांवर गाठी कमी आहेत. अक्षदाने आमच्या महाविद्यालयातून नाव काढून घेतले आणि मुरबाडच्या महाविद्यालयात पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात केली. सरांना कुणी काही विचारले नाही. मला त्यांनी कपाटात कोंडले. माझ्या भिंगांवर आता बुरशी चढते आहे.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटातही माझा एखादा भाऊबंद असेल. त्याला बाहेर काढा, मऊ फडक्याने पुसा, आपल्या बांधावरची माती त्याच्याखाली ठेवा. आणि जे दिसेल ते शेवटपर्यंत लिहा, मग वरच्या माणसाला ते आवडो वा न आवडो.