तिसऱ्या धड्यातला डबा

"सगळं येतं मला."

हा आवाज मी पहिल्यांदा ऐकला तेव्हा त्याचा चेहरा पाहिला नव्हता. मी स्वयंपाकघरात पडद्याआड उभी होते. बाहेर वडिलांनी विचारलं होतं, "लेथ मशीनवर काय काय येतं?" आणि आवाज म्हणाला होता, सगळं येतं. हातातल्या ट्रेमधले कप किणकिणले. मला वाटलं, ज्याला सगळं येतं त्याच्याबरोबर अंधारातसुद्धा चालता येईल.

आता तो आवाज तिसऱ्या धड्यातून येतो. श्रावण लागल्यापासून माझे मालक तिथंच राहतात.

मालक म्हणजे माझा नवरा, हिंदुराव पोवार. कारखान्याच्या मालकाला आमच्याकडे साहेब म्हणतात. साहेबांनी शिरोलीच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या कारखान्यात कॉम्प्युटरची मशीनं आणली आणि लेथ चालवणाऱ्या जुन्या टर्नर लोकांना ती शिकवायला चष्मे आणले. खुर्चीत बसून चष्मा लावला की माणूस धड्यात जातो. खुर्ची रिकामी होते. चष्मा सीटवर पडलेला असतो आणि थोडा वेळ कोमट लागतो. धडा पूर्ण झाला की माणूस संध्याकाळी घरी येतो, नाही झाला तर तिथंच थांबतो. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. पूर्वी रात्रपाळीलाही माणसं अशीच जायची.

मी चौकशीला गेले तेव्हा प्रशिक्षणाच्या ऋजुता मॅडमनी मला बसायला खुर्ची दिली. मुलगी गोड आहे, पुण्याची आहे, माझ्या लेकीच्या वयाची असेल.

"काकू, काळजीचं काही नाही. सिस्टीममध्ये ते रोज हजर दिसतात. एक रजा नाही. फार चांगलं रेकॉर्ड आहे."

"पण जेवणाचं काय?"

त्यांनी स्क्रीनवर शोधलं. जेवणाचं काही सापडलं नाही.

"पाहुणा म्हणून तुम्ही आत जाऊ शकता," त्या म्हणाल्या. "पहिले दोन धडे वाटेत लागतील, ते मात्र करावे लागतील. पाहुण्याला मागं यायचं दार असतं. विद्यार्थ्याला फक्त पुढचं."

"आणि पाहुण्याला तिसरा धडा समजला तर?"

"मग तो पाहुणा राहत नाही," मॅडम म्हणाल्या. "चौथ्यात जातो. तिसरा त्याला पुन्हा उघडत नाही."

तेव्हापासून मी रोज डबा घेऊन जाते. पहिल्या धड्यात मशीनच्या भागांची नावं घ्यायची असतात. ती जागा एखाद्या लग्नाच्या मांडवासारखी आहे, भाग ओळीनं बसलेले असतात आणि नाव घेतलं की मान हलवतात. दुसऱ्या धड्यात सुरक्षेचे नियम. दुसरा धडा म्हणजे एक लांब काचेची गल्ली आहे आणि ती रोज थोडी वाढते. वाट मोठी असली की मला गाणं लागतं. आईनं जात्यावर बसून शिकवलेली चाल तोंडात असतेच, शब्द मी वाटेत जोडते.

*नव्या गं ज्ञानाची वाट काचंच्या गावाला,*
*भाकरीचं ओझं माझ्या धन्याच्या नावाला.*

दुसऱ्या दिवशी गल्लीनं मला सुरक्षेचे नियम त्याच चालीत सांगितले.

*फिरत्या गं चाकाला हात लावू नये बाई,*
*पदर गं खोचावा, कामाला नसे घाई.*

मी पदर खोचला आणि पुढं गेले.

तिसरा धडा पहिल्यांदा पाहिला तेव्हा बाजाराच्या मैदानाएवढा होता. प्रत्येक टर्नरपुढं एकेक मशीन, आणि वरून एका बाईचा आवाज यायचा. शांत, न थकणारा. शिकवायची गोष्ट एकच होती. मशीनला आपण लावलेला लोखंडाचा तुकडा दिसत नाही. तो कुठं सुरू होतो ते आपण सांगायचं. कापायचं हत्यार हळूहळू तुकड्याजवळ न्यायचं, मध्ये कागदाची पट्टी धरायची, पट्टी अडकली की थांबायचं आणि मशीनला सांगायचं, इथं शून्य. मग मशीन तिथून पुढचं सगळं स्वतः करतं. आवाज हे सांगायचा आणि विचारायचा, "समजलं का?"

"समजलं!" मालक म्हणायचे. सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं.

मग मशीन सुरू व्हायचं आणि हत्यार तुकड्यापासून वीतभर लांब, नुसत्या हवेत, फार सफाईनं काम करायचं. हवेचे निळे छिलके खाली पडायचे. लोखंड जसंच्या तसं.

"पुन्हा बघू या," आवाज म्हणायचा.

शेजारच्या मशीनवर दस्तगीर मुजावर होते. दोघं एकाच वर्षी कामाला लागलेले, एकमेकांच्या डब्यातलं खाऊन म्हातारे झालेले.

"न्हाई समजलं, बाई," दस्तगीरभाई वर बघून म्हणायचे. "परत सांग. माझं डोकं दगडाचं हाय, हे गाव जाणतंय."

"पुन्हा बघू या," आवाज म्हणायचा, आणि मला वाटायचं, त्याला बरं वाटलं.

"लाज न्हाई तुला," मालक त्यांना म्हणायचे. "एवढा मिस्त्री माणूस, आणि पोरीसमोर न्हाई म्हणतोस."

"लाज घरी खुंटीला लावून आलोय. चष्म्यात डोकं आणि लाज, दोन्ही मावत न्हाईत."

ते चार दिवसांत पास झाले. त्यांचं मशीन मिटलं, आणि त्यांच्या बाजूची भिंत सरकत आत आली. तिसरा धडा तेवढाच असतो जेवढे त्यात विद्यार्थी. एकेक करत सगळे 'न्हाई समजलं' म्हणत समजून घेऊन गेले. मैदानाचं गोदाम झालं, गोदामाची खोली. शेवटी मालक एकटे उरले आणि मी, पण पाहुण्याला जागा धरत नाहीत.

भिंतीपलीकडून दस्तगीरभाई ठोकायचे. ते चौथ्यात होते. "हिंद्या! हायस का?"

"हाय की! कुठं जातोय!"

"तेच म्हणतोय मी. वहिनी, त्याला म्हणावं, तोंड उघड. भाकरीसाठी उघडतंय तसं."

खोली लहान झाल्यावर आम्ही गुडघ्याला गुडघा लावून जेवायला लागलो. लग्नानंतर सासू, दीर, पोरं, पाहुणे. इतकं जवळ बसून आम्ही कधी जेवलोच नव्हतो. भाकरी, वांग्याचं भरीत, खर्डा.

"मीठ कमी झालंय," मालक म्हणाले.

"धड्यात चव लागत नाही असं मॅडम म्हणतात."

"मग खर्डा कसा लागतोय?"

"खर्डा कुठंही लागतो."

ते हसले. त्यांच्या मिशीला भाकरीचा कण होता, मी तो काढला. वरचा आवाज थांबला होता. जेवताना तो विचारत नाही, एवढं त्याला कळतं.

मला तिसरा धडा पहिल्याच आठवड्यात समजला होता. मुद्दाम शिकले नाही. त्यांच्या खांद्यावरून बघत होते, आणि पट्टी अडकायची ती वेळ माझ्या बोटाला आधीच कळायला लागली, तव्यावरची भाकरी उलटायची वेळ कळते तशी. त्यांचा हात पुढं निघून जायचा आणि माझं बोट पदराखाली थांबलेलं असायचं. जेवण झालं की आवाज मलाही विचारायचा.

"पाहुण्यांना समजलं का?"

"नाही समजलं," मी म्हणायचे.

"पुन्हा बघू या."

हो म्हटलं असतं तर डबा घेऊन परत येता आलं नसतं.

मग हे घरीही सुरू झालं. एका सकाळी चहा उतरवून मी गॅस बंद केला, तर शेगडीनं विचारलं, "समजलं का?" सवयीनं माझ्या तोंडून नाही निघालं. शेगडी पुन्हा पेटली. मी पुन्हा आधण ठेवलं. दुपारपर्यंत मी चहाच करत होते. शेजारच्या बायका येऊन पिऊन गेल्या, कुणी काही विचारलं नाही, फक्त साखर जरा जास्त आहे म्हणाल्या. शेवटी शेजारीण शेगडीवर ओरडली, "समजलं गं बाई, समजलं!" आणि ती विझली.

त्या दिवशी डब्याला उशीर झाला. खोली आता कपाटाएवढी होती. मालक उभे होते, बसायला जागा नव्हती. मशीन गेलं होतं, फक्त त्याची बटणांची पाटी आमच्या दोघांच्या मध्ये भिंतीतून पुढं आली होती.

"कुठं होतीस? मी वाट बघत होतो."

"चहा करत होते."

"कुणाला?"

"सगळ्यांना."

ते माझ्या पदराकडं बघत होते. पदराखाली बोट हलत होतं, पट्टी अडकायच्या जागी थांबत होतं.

"तुला येतंय," ते म्हणाले.

"काय येतंय?"

"हेच. शून्य लावायला."

"मला कुठलं येतंय. मी भाकरी करणारी बाई."

"शालन, तू खोटं बोललीस की तुझा डावा कान हलतो."

मी कानावर पदर घेतला. "आणि तुमचं काय? तुम्ही खोटं बोलता तेव्हा काय हलतं?"

"माझं काहीच हलत न्हाई," मालक म्हणाले. "तेच तर अवघड झालंय." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या बापाला शब्द दिलाय मी. सगळं येतं म्हणालो, म्हणून त्यांनी तुला दिली. आता न्हाई येत म्हटलं, तर ते सगळंच खोटं पडंल. मग तू कुणाची?"

"असं कुठं असतं का?"

"बघायचंय?" ते म्हणाले. त्यांनी श्वास घेतला आणि हलकेच सुरुवात केली, "मला येत न्हा..."

माझ्या पायांतली जोडवी सैल झाली. दोन्ही. बोटांवरून निघून नखापर्यंत आली. मालकांनी तोंड मिटलं तशी ती पुन्हा आपापल्या जागी घट्ट बसली. आम्ही दोघांनीही खाली बघितलं, आणि दोघांनीही बघितलं नाही असं केलं.

"जेवा," मी म्हटलं. डबा उघडायला जागा नव्हती. झाकण बोटभर सरकवून मी भाकरीचा तुकडा बाहेर काढला आणि त्यांना भरवला. एक तुकडा त्यांनी मला भरवला. भिंतीपलीकडं ठोकाठोक नव्हती. दस्तगीरभाई पाचवा, शेवटचा धडा करून केव्हाच घरी गेले होते. आदल्या दिवशीच मला कोपऱ्यावर भेटले होते, नव्या मशीनवर कामाला निघाले होते. "मशीन भोळं हाय, वहिनी," म्हणाले, "सांगंल तेवढंच ऐकतंय. हिंद्या असता तर दोघांनी मिळून त्याला बिघडवलं असतं." आणि रुमालानं डोळे पुसून बस पकडायला पळाले.

हे मी मालकांना सांगितलं.

मग वरून आवाज आला. नेहमीसारखाच शांत.

"उद्यापासून या खोलीत एकच जण मावेल. पाहुण्यांनी डबा बाहेर ठेवावा. आत पोचवण्याची सोय नाही."

"मग त्यांनी काय खायचं?" मी विचारलं.

"पुन्हा बघू या," आवाज म्हणाला.

भिंती तेव्हाच थोड्या आत आल्या. डबा माझ्या पोटाशी दाबला गेला, त्यांची छाती माझ्या कपाळाला लागली. त्यांच्या सदऱ्याला तेलाचा वास नव्हता. आमच्या सगळ्या संसारात हा सदरा कधी बिनतेलाचा नव्हता. मी त्याला नाक लावून शोधलं, आणि आत कुठंतरी त्यांचं काळीज धडधडत होतं तेवढंच सापडलं. मला वाटलं, मीच आता समजलं म्हणावं आणि पुढं जावं, चौथ्यातून भिंत ठोकावी. नाहीतर रोजच्यासारखं नाही म्हणावं, मागच्या दारानं घरी जावं आणि उद्या डबा दाराबाहेर ठेवावा. दोन्हींत हा माणूस या कपाटात उभा राहणार होता.

"मालक," मी म्हटलं, "माझे वडील जाऊन किती वर्षं झाली?"

ते बोटांवर मोजायला लागले.

"त्यांनी तुम्हाला दिली म्हणून मी आले नव्हते. पडद्याआड मी पण होते. मला कुणी विचारलं नाही, पण मी होते."

"आणि तू काय म्हणाली असतीस?"

मी सांगणार होते. पण तेवढ्यात आवाजानं विचारलं, "समजलं का?"

कुणाला विचारलं ते कळलं नाही. इतक्या लहान जागेत प्रश्न दोघांवरच पडत होता. मालकांनी छाती फुगवली, नेहमीचं मोठं उत्तर द्यायला फुगवायचे तशी, आणि मी घाईनं तोंड उघडलं, आधी माझं 'नाही' जावं म्हणून.

त्यांचा तळवा माझ्या तोंडावर आला. रुंद, जाड, हवेचे छिलके काढून काढून मऊ पडलेला. त्यांनी वर बघितलं नाही. वरच्या बाईकडं त्यांनी पहिल्यांदाच पाठ केली, म्हणजे मान तेवढी वळवली, आणि माझ्याकडं बघत राहिले. फुगवलेली छाती हळूहळू खाली बसली. पायांत काहीतरी निसटत होतं. मी मान हलवली, थांबा म्हणून, किंवा बोला म्हणून, मलाही ठाऊक नाही.

माझ्या तोंडावरचा हात न काढता ते म्हणाले, "शालन, मला येत न्हाई. तू सांग."