सुरुंगाच्या लाटेवरचं कुंकू

मी लेसर बोलतोय. हसू नका. पोटात माणकाची लाल कांडी आहे म्हणून मला भारी मान. पण मी आजवर उजळलो तो सगळा वेळ एकत्र केलात, तरी एका शिंकेत मावेल. लखकन उजळायचं, की संपलं काम!

सुरुंग उडाला की हवेतून धक्क्याची लाट धावते. डोळ्यांना ती दिसत नाही. पण एका बाजूनं मी उजळलो आणि समोर कॅमेरा उघडा असला, तर पळत्या लाटेची सावली फोटोत सापडते.

चौऱ्याहत्तरच्या उन्हाळ्यात नागपूरच्या एका प्राध्यापकांनी मला जीपमधून किन्हीराजाजवळच्या दगडखदानीवर आणलं. खदान जानरावांची. शेजारी लिलाबाईचं घर, मजुरी करकरून बांधलेलं. दर सुरुंगाला तिच्या भिंतीची चीर रुंदावायची.

"आवाजानं कुठं भिंत फुटते काय?" जानराव म्हणायचे.

लिलाबाई कचेरीच्या पायरीवर ठाण मांडून बसली, तेव्हा कुठं चौकशीचे साहेब निघाले. भिंतीपर्यंत लाट पोचलेली फोटोत दिसली, तर खदान बंद होणार होती.

भिंतीच्या एका टोकाला मला मांडलं, दुसऱ्या टोकाला कॅमेरा. तेवढ्यात जानराव पूजेचं ताट घेऊन आले.

"नव्या मशीनले कुंकू लावल्याबिगर आमी काम सुरू करत नाही, साहेब."

आणि चांगलं बोटभर कुंकू थेट माझ्या काचेवर! अहो, कपाळ कुठं, डोळा कुठं! पण साहेबांनी चपला काढल्या, प्राध्यापकांनी हात जोडले. लिलाबाईच्या घरानं छप्पन सालीच पूजाअर्चा सोडलेली; ती लांबूनच बघत होती.

सुरुंग उडाला. मी उजळलो. फोटो तिथल्या तिथं निघाला, तर भिंतीलगतच्या हवेच्या जागी भला थोरला काळा डाग.

"लाट दिसत नाही," साहेब म्हणाले, "म्हणजे लाट नाही."

"साहेब, भिंतीतून आरपार दिसून राह्यलं, अन् तुमी फोटोत कायले पाहता?" लिलाबाई तरातरा आली. तिनं पदरानं माझी काच लख्ख पुसली. "घ्या. आता काढा."

साहेबांनी घड्याळ पाहिलं. जानरावांकडं मटण शिजलं होतं. "बाई, सगळं शास्त्रीय पद्धतीनं झालंय."

जेवणं आटोपून जीप जऊळक्याच्या रस्त्याला लागली, तोच मागं सुरुंग उडाला. पाठोपाठ धाडकन काहीतरी कोसळलं. प्राध्यापकांनी वळून पाहिलं आणि पुन्हा पानाला चुना लावला. मी पेटीत होतो, स्वच्छ काच घेऊन! इतकी चीड मला कधी आली नव्हती.

भिंत पडली होती. लिलाबाई अंगणात होती म्हणून वाचली. भिंत मुळातच कच्ची होती, असं साहेबांनी ठरवलं.

आता मी कॉलेजच्या कपाटात असतो. दसऱ्याला बाहेर काढतात आणि त्याच काचेवर पुन्हा कुंकू लावतात. बाबांनो, पूजा पुरे झाली. एकदा माझी काच पुसा आणि न जेवता मला खदानीवर घेऊन चला. लिलाबाईनं भिंत परत उभी केली आहे म्हणे.