खुर्चीतून सायकलीत गेलेली डावी मोटार

मित्रांनो, मी एक जुनी मोटार आहे. मोटार म्हटले की तुमच्या डोळ्यांपुढे चार चाकांची गाडी येईल. मी तसली नव्हे. मी मूठभर आकाराची, पोटात तांब्याची तार असलेली, विजेवर फिरणारी मोटार.

कारखान्यात एकाच दिवशी आम्ही दोघी बहिणी तयार झालो. आम्हाला एका चाकांच्या खुर्चीला बसवले, ती उजव्या बाजूला आणि मी डाव्या. खुर्ची ज्या बाईंच्या घरी गेली, त्यांचे पाय आजारपणात गेले होते. नऊ वर्षे आम्ही त्यांना स्वयंपाकघरातून खिडकीशी आणि खिडकीपासून फाटकापर्यंत नेले. बाई म्हणत, "घरातल्या माणसांपेक्षा या दोघी बऱ्या. सांगितलं की निघतात."

मग बाई वारल्या. खुर्ची बोळात ठेवली गेली. तिच्यावर आधी रद्दी आली, मग छत्र्या. दोन वर्षे आम्ही फिरलो नाही.

बाईंचे यजमान जन्मभर जळक्या मोटारींचे वाइंडिंग करत, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळत आलेले कारागीर होते. त्यांची सून परिचारिका होती. तिचा दवाखाना टेकडीवर होता. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येत. बाकीचे दिवस सगळा भार तिच्यावर. त्या वर्षी टेकडीवर जाणारी बस बंद झाली, आणि सुनेचा गुडघा आधीच दुखावलेला होता. एका संध्याकाळी ती सासऱ्यांना म्हणाली, "बाबा, राजीनामा लिहिलाय मी. हा गुडघा चढ काही चढू देत नाही."

"आठ दिवस थांब," ते म्हणाले. "कागद पर्समध्येच राहू दे."

दुसऱ्या दिवशी त्यांनी आम्हा दोघींना खुर्चीतून काढले. जुन्या सायकलीला एकच मोटार पुरणार होती. त्यांनी दोघींना फिरवून कान लावला. माझी घरघर कमी, म्हणून माझी निवड झाली. बहीण फडक्यात गुंडाळून फळीवर गेली. माझ्या तोंडाशी छोटे दातेरी चाक बसवले, त्यावरून साखळी मागच्या चाकाला नेली, आणि बॅटऱ्या पत्र्याच्या पेटीत घालून कॅरिअरला आवळल्या.

सून पहिल्यांदा गल्लीत निघाली तेव्हा ओरडली, "अहो बाबा, ही तर मला पळवून नेतेय!" राजीनामा तिने त्याच दिवशी फाडला.

तीन महिने मी तिला रोज वर नेले. एके सकाळी औषधांच्या दोन पेट्या जास्त होत्या. ऐन चढावर समोरून ट्रक आला, तिला थांबावे लागले, आणि पुन्हा निघताना तिने वेगाची मूठ पूर्ण पिळली. एवढे ओझे उभ्या चढावरून उचलण्याची माझी ताकद नव्हती. तार काळी पडली आणि धूर निघाला. सून पेट्यांसह सायकल ढकलत घरी परत आली.

त्याच दिवशी परगावी नोकरी करणारी घरची लेक आली. बोळातून आत शिरताना तिला खुर्ची दिसली.

"बाबा, आईची खुर्ची मोडलीत तुम्ही?"

"मोडली नाही. मोटारी काढल्या."

"मला एका शब्दानं विचारायचं होतंत."

वडिलांनी हातातला पाना खाली ठेवला. सून म्हणाली, "ताई, हे सगळं माझ्यामुळं झालं. परत बसवून टाकू. मी जाईन पायी."

"जळालेली काय बसवणार, वहिनी?" लेक म्हणाली आणि आतल्या खोलीत निघून गेली.

सकाळी सून पेट्या घेऊन पायी निघाली. ती फाटकापर्यंत पोचेतो लेक चपला घालून मागे गेली. राग होताच, पण पेट्या दोन होत्या आणि वहिनी लंगडत होती. मी टेबलावर उघडी पडले होते. वर काय झाले, ते दुपारी लेकीच्याच तोंडून ऐकले.

"आम्हाला तासभर उशीर झाला," ती वडिलांना म्हणाली. "पायऱ्यांवर अकरा माणसं बसली होती. काल ही पोचलीच नाही, म्हणून त्यातली चार कालचीच. एका आजोबांच्या पायाचं ड्रेसिंग राहिलं होतं. ते नुसतं 'आलात का?' म्हणाले, आणि पाय पुढे केला."

ती पाणी प्यायली. मग तिने फळीवरून माझ्या बहिणीला खाली काढले.

"हिचं काय कामाला येईल?"

"आतला फिरता गाभा. सगळी तार त्यावरच असते, आणि जळकी काढून नवी गुंडाळायला आठ दिवस जातील. हिचं कवच झिजलंय, अख्खी बसवून चालणार नाही. पण गाभा काढला की ही उरणार नाही."

"उघडा. मी धरते."

तिने बहिणीला दोन्ही हातांत घट्ट धरले, वडील एकेक स्क्रू काढू लागले. मध्येच लेकीला रडू आले. वडिलांनी काम थांबवले नाही, फक्त हात सावकाश केला. संध्याकाळी बहिणीचा गाभा माझ्या कवचात बसला. आता फिरते ती बहीण की मी, हे मला सांगता येत नाही. चाक फिरते.

याला सहा वर्षे झाली. चढावर थांबावे लागलेच, तर सून उतरून दहा पावले ढकलते आणि मग बसते. दर तीन महिन्यांनी सासरे माझी काजळी पुसतात. लेक फोनवर आधी बाबांची तब्येत विचारते, मग माझी.

मित्रांनो, यंत्राला तेलपाणी लागते हे तुम्हाला कुणीही सांगेल. माझे मागणे वेगळे आहे. गेलेल्या माणसाची वस्तू घरात असेल, तर ती गंजू देऊ नका. खुशाल खोला, दुसऱ्या कामाला लावा. मात्र खोलण्याआधी, ज्यांचा जीव तिच्यात अडकला आहे त्यांना हाक मारा. स्क्रू घट्ट असतात. दुसऱ्या बाजूने कुणीतरी धरावे लागतेच.